हस्तार्पणाची परंपरा

वचन : २ तीमथ्य २:२

अंधेरी, बोरिवली, मुलुंड या भागांत आपल्या मंडळ्यांच्या शेजारी रोमन कॅथॉलिक बांधवांची जुनी मंदिरे आहेत. बोरिवलीजवळील मंडपेश्वरास फ्रान्सिस्कन साधू सोळाव्या शतकातच आले होते. तेथील एखादा शेजारी आपल्या तरुणास विचारतो, "आमच्या पाद्र्यांची परंपरा बिशपांच्या हातांनी प्रेषितांपर्यंत पोहोचते, तुमच्या पाळकांवर हात कोणी ठेविले?" हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये.

उत्तर असे. आपल्यातील पुष्कळ मराठी मंडळ्यांचे मूळ अमेरिकन मराठी मिशनात आहे. ता. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेतील सेलम गावी तेथील पाळकांनी पाच तरुणांवर हात ठेविले. त्यांपैकी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले. (त्याच दिवशी दीक्षा घेतलेले जडसनसाहेब मत बदलून कलकत्त्यास बाप्तिस्ती झाले व पुढे ब्रह्मदेशी गेले, एका हस्तार्पणास किती फाटे फुटावेत!) हॉलसाहेब १८२६ साली नाशिककडील प्रवासात पटकीने वारले. मिशनाने आपल्या मराठी बांधवांवर हात ठेवावयास १८५४ साल उजाडले. तेव्हा हरि रामचंद्र खिस्ती व रामकृष्ण विनायक मोडक यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. एक्केचाळीस वर्षे! इतका विलंब का लागला, याचा विचार मिशनऱ्यांच्या स्तुतीपेक्षा अधिक उपयोगी आहे.

पुढे ता. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली, तेव्हा बिशपांच्या परंपरेतले व त्याबाहेरचे सेवक हस्तार्पणाने एकत्र आले. त्या मंडळीच्या पाळकांत आज दोन्ही ओघ वाहतात.

परंतु पौल तीमथ्यास हातांची मोजदाद करावयास सांगत नाही. पौल, तीमथ्य, विश्वासू माणसे आणि त्यांचे शिष्य अशा चार पिढ्या तो एका दमात उच्चारतो, आणि त्यांतून जे चालत जाते ते ऐकलेले शिक्षण आहे. यहूदा इस्कर्योत याची परंपरा तर सर्वांत आखूड. त्यास प्रभूने स्वतः निवडले होते. उलट अंत्युखियात बर्णबा व शौल यांवर हात ठेविले, ते बारा प्रेषितांपैकी नव्हते (प्रे. कृ. १३:१-३).

म्हणून शेजाऱ्यास नावे व वर्षे निर्भयपणे सांगा. पण मंडळीने कोणा तरुणास दीक्षेसाठी पाठविण्यापूर्वी त्याच्याविषयी वेगळे प्रश्न विचारावेत. याने कोणास शिकविले? ते शिकलेले आज कोठे आहेत? आजाऱ्याच्या उशाशी हा बसला आहे काय? उतावळीने हात ठेवू नको, असे पौलाने तीमथ्यास बजावले, ते याचसाठी.