खरा मी कोणता?

वडनेर भोलजीत ऐन पेरणीच्या तोंडी मी बियाण्याचे पैसे एका बैलजोडीच्या सौद्यात घातले. चार रात्री झोप नव्हती, अंगात नुसती तेजी. बायको म्हणाली, "अवो, जरा निजा ना." मी तिलाच वैरीण ठरवलं. पुढं दोन महिने अंथरूण धरलं. गाव म्हणे, बाहेरचं आहे. डॉक्टर म्हणाले, बायपोलर.

गोळ्यांनी झोप आली, पण प्रश्न राहिला. सौदा करणारा मी खरा, की अंथरुणात रडणारा?

पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणींनी घरातल्याच आजारपणाच्या अनुभवातून 'सा' ही संस्था काढली. तिथं रुग्ण न् घरचे एकत्र बसून बोलतात, हे कळलं; तसे आम्ही तिघं समदुःखीही महिन्यातून एकदा पारावर बसू लागलो. कोणी कोणाला हसत नाही. "झोप उडाली का मले सांगजो," एवढं मात्र बजावतो.

तिथंच २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कळलं. आजारात कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, आपल्या वतीनं कोणी बोलावं, हे बरं असतानाच लिहून ठेवता येतं. मी बायकोचं नाव घातलं. मग माझ्यावरचा माझा हक्क गेला का? नाही. तेजीतला मीही मीच. पण शब्द द्यावा तो शुद्धीतल्यानं. बांध पावसाआधीच घालतात.

बायको मात्र थबकली. "अन् मीच चुकली तं?"

"पारावरच्या दोघायले इचारजो," मी म्हटलं.