शत्रूने कशाचं माप घ्यावं?

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेमच्या सर्व्हरवर शत्रूंची ताकद खेळाडूंनुसार बदलणारी स्क्रिप्ट लिहायची, तर हिशेब सोपाच दिसतो. गुहेत किती जण शिरले ते मोजायचं आणि त्या आकड्याने राक्षसाचं हेल्थ वाढवायचं. 2000 साली आलेल्या ‘डायब्लो 2’मध्ये दर जादा खेळाडूमागे राक्षसांचं हेल्थ मूळच्या निम्म्याने वाढे, आठ जण असले की साडेचारपट. मारल्यावर मिळणारा अनुभवही वाढे, म्हणून व्यवहार चोख वाटे.

गुंता होतो तो ऐन लढाईत. समजा, पाच जण आहेत, बॉसचं हेल्थ 50,000. झुंजून ते 20,000 वर आणलंय आणि एकाचं नेट जातं. आता कमाल हेल्थ 40,000 वर आणलं, पण उरलेलं तसंच ठेवलं, तर 40 टक्क्यांवरचा बॉस एका क्षणात 50 टक्क्यांवर चढतो. सगळ्यांनी केलेलं काम पुसलं जातं. म्हणून टक्केवारी जपायची आणि उरलेलं हेल्थ 16,000 करायचं. स्क्रिप्टमधली ही एक ओळ मला फार मोलाची वाटते. झालेल्या श्रमांची कदर तिथे होते.

माणसं मोजणं वेगळं आणि माणसाची कमाई मोजणं वेगळं. 2006 च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये (तो एकट्याने खेळायचा, पण दुखणं तेच) लेव्हल वाढली की रस्त्यावरचे साधे लुटारूही दुर्मिळ, महागडी चिलखतं घालून समोर येत. मार्च 2017 मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चा 7.2 पॅच आणखी पुढे गेला. मोकळ्या जगातले शत्रू खेळाडूच्या गिअरच्या, म्हणजे शस्त्र-चिलखतांच्या, दर्जाप्रमाणे बळकट होऊ लागले, आणि हे आधी जाहीरही केलं नव्हतं. खेळाडूंनी गिअर उतरवून लढून पाहिलं तेव्हा ते उघड झालं. रात्र-रात्र रेड करून मिळवलेलं शस्त्र शत्रूच्याच पथ्यावर पडावं, हा मला सरळ अन्याय वाटतो.

स्केलिंगच, म्हणजे खेळाडूनुसार ताकद बदलणंच नको, असं मात्र मी म्हणणार नाही. 2016 मध्ये ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ने ‘वन टॅमरिएल’ हे अपडेट आणल्यावर नवखा आणि मुरलेला मित्र एकाच मोहिमेवर निघू शकले. ‘गिल्ड वॉर्स 2’ तर सोप्या प्रदेशात खेळाडूचीच लेव्हल खाली आणतो, तरी शिकलेली कौशल्यं त्याच्याकडेच राहतात. स्क्रिप्टमध्ये हे साधायचं तर प्रत्येक प्रदेशाला किमान आणि कमाल लेव्हल बांधून द्यावी, शत्रूने तेवढ्यातच वर-खाली व्हावं. गिअरचा आकडा शत्रूची ताकद ठरवणाऱ्या फंक्शनपर्यंत पोचूच देऊ नये, आणि आत्ता कोणता गुणक लागलाय तो खेळाडूला चॅटमध्ये स्वच्छ दिसावा.