दोन महाधिवक्ते आणि एक 'एस'

हैदराबाद

चि. मुक्ता,

मसुद्यात तू 'अ‍ॅडव्होकेट जनरल्स' लिहिलंस, सिनिअरनी त्यावर लाल रेघ ओढली आणि तू दिवसभर धुमसत होतीस, असं ताईनं सांगितलं. रेघ बरोबर आहे. बोलण्यात 'जनरल्स' सर्रास चालतं, काही कोशही चालवून घेतात. पण कोर्टाच्या कागदावर 'अ‍ॅडव्होकेट्स जनरल'च लिहावं.

आमच्याकडे साडेचार वर्षं हे अनेकवचन रोजच्या वापरातलं होतं. २ जून २०१४ला तेलंगण वेगळं झालं, पण मुसीकाठचं हायकोर्ट दोन्ही राज्यांना मिळून एकच राहिलं. घटनेच्या कलम १६५ प्रमाणे महाधिवक्ता, म्हणजे अ‍ॅडव्होकेट जनरल, मात्र ज्या त्या राज्याचा. म्हणजे एकाच इमारतीत दोघे! १ जानेवारी २०१९ला आंध्रचं हायकोर्ट वेगळं झालं तेव्हा हा पेच सुटला. त्या काळात राज्यपाल एकच होते, मुख्य सचिव दोन. तिथे 'चीफ सेक्रेटरीज', 'एस' शेवटी.

असं का? जोडशब्दात माणूस कोण, ते आधी शोध. सेक्रेटरी हा माणूस, चीफ त्याचं विशेषण. अ‍ॅडव्होकेट हा माणूस, आणि जनरल हे फ्रेंच धाटणीनं मागून जोडलेलं विशेषण. त्याला 'एस' कशाला? पण सिकंदराबादच्या छावणीत गेलीस तर तिथे 'मेजर जनरल्स'च भेटतील, कारण तिथे जनरल हाच अधिकारी. म्हणून 'जनरल दिसला की एस आधीच्या शब्दाला' असं पाठ करू नकोस.

'मदर्स-इन-लॉ', 'पासर्स-बाय' हे 'अ‍ॅडव्होकेट्स जनरल'च्याच वाटेचे. (चुलतसासवा धरल्या तर पहिला तुला लवकरच लागेल.) 'वुमन डॉक्टर'चं मात्र 'विमेन डॉक्टर्स', दोन्ही शब्द बदलतात.

सिनिअरांच्याच जुन्या मसुद्यात 'अ‍ॅडव्होकेट जनरल्स ओपिनियन' आहे म्हणून तू वाद घातलास म्हणे. अगं, तो 'एस' षष्ठीचा, त्याच्याआधी अपॉस्ट्रॉफी आहे. तो शेवटीच येणार. दोघांची मतं सांगायची असतील तर षष्ठीच्या भानगडीत पडू नकोस, सरळ 'ओपिनियन्स ऑफ द अ‍ॅडव्होकेट्स जनरल' लिही.

राहता राहिला हायफन. घटनेच्या इंग्रजी पाठात तो आहे, बऱ्याच निकालपत्रांत नसतो. सिनिअरांना काय चालतं ते विचार आणि मसुदाभर तेच ठेव.

तुझा,
मामा