पिंपातला सूर

डोळे मिटा. श्वास येऊ द्या, जाऊ द्या.

लंडनमधल्या एका शाळेचं सभागृह. बाहेर पाऊस. मुलं मांडी घालून बसली आहेत. मागच्या ओळीत जागा आहे, तुम्हीही बसा.

समोर एक बाई उभ्या आहेत. त्रिनिदादहून आलेल्या पाहुण्या शिक्षिका. त्या काहीच बोलत नाहीत. घोडीवर टांगलेल्या एका चकचकीत वाद्याकडे बघत आहेत.

तुम्हीही बघा.

कुणीतरी कुजबुजतं, “ड्रम.”

बाई मान हलवतात. “पॅन.”

हे तेलाचं पिंप होतं, सुमारे २०० लिटरचं. त्याचा तळ ठोकून ठोकून कढईसारखा खोल नेला आहे. आत फुगवटे उमटवले आहेत. कडेला मोठे, मध्याकडे लहान. एकेक फुगवटा, एकेक सूर.

नजर कडेवरून आत उतरू द्या. सावकाश.

बाई बोलू लागतात, अगदी हळू. १८८० च्या दशकात इंग्रज सरकारने त्रिनिदाद बेटावर ढोलांना बंदी केली. लोकांनी बांबू तोडले, जमिनीवर आपटले. ताल चालू राहिला. १९३० च्या दशकात बिस्किटांचे डबे आले, पत्रा आला. महायुद्धानंतर तेलाची पिंपं.

ढोल. बांबू. पत्रा.

इथे थांबा. एक श्वास.

त्याच बेटावर ताशाही वाजतो. १८४५ पासून उसाच्या मळ्यांवर नेलेल्या हिंदुस्थानी मजुरांचा तो वारसा. वाजवण्याआधी तो शेकोटीवर तापवतात. आपल्याकडे हलगी शेकवतात, तसाच.

आग पॅनलाही चुकत नाही. ठोकलेला पत्रा तापवतात, मगच सूर लावायला घेतात.

तळहात पुढे करा. ती ऊब येऊ द्या.

१९५१ मध्ये त्रिनिदादचे वादक आपली पिंपं घेऊन याच शहरात आले होते, थेम्सच्या काठी वाजवायला. बघणाऱ्यांना आधी भंगारच वाटलं असेल. मलाही वाटलं असतं.

आता शांत.

बाई टिपरी उचलतात. टोकाला रबर गुंडाळलेलं आहे. मनगट जेमतेम हलतं.

एक सूर.

तो कानावर येतो, मग छातीत. पाण्यात खडा पडावा तसा पसरतो. त्याच्या मागे जाऊ नका. बसल्या जागी ऐका.

पातळ होतोय. आणखी पातळ.

पुढच्या ओळीतली एक मुलगी हात वर करते. तिला वाजवायचं आहे. बाई टिपरी तिच्या हातात देतात आणि ओठांवर बोट ठेवतात.

सूर अजून पत्र्यात आहे.

तुम्हीही उठू नका. तो संपू द्या.