दादाचा आकडा

"म्हंजे माझ्यावर प्रयोगच करायलेत की!"

मुंबईहून जालन्याला परतताना देवगिरी एक्स्प्रेसमध्ये दादा म्हणाला. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, वय ३६, अंबड तालुक्यात शेती. वर्षभर बरगडी आणि कंबर दुखत होती. कुणी लचक म्हणालं, कुणी टीबी. शेवटी बायोप्सीत नाव निघालं: लँगरहान्स सेल हिस्टिओसायटोसिस. शरीराच्या संरक्षक पेशींमधल्या काही पेशी बेसुमार वाढतात आणि हाड पोखरतात. मोठ्या माणसांत हा आजार वर्षाला दहा लाखांत एखाद-दुसऱ्याला होतो. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या १९.५९ लाख होती. म्हणजे अख्ख्या जालना जिल्ह्यात वर्षाला फार तर दोन-तीन माणसं.

डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले होते. एक, विनब्लास्टिन आणि प्रेडनिसोलोन ही लहान मुलांसाठी ठरलेली जोडी. दुसरा, सायटाराबिन. वर म्हणाल्या, "मोठ्यांसाठी पक्का पुरावा कमी आहे. तुमची परवानगी असेल तर तुमच्या उपचारांच्या नोंदी अभ्यासासाठी वापरू." दादाला खटकलं ते हे वाक्य.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आम्ही अर्ध्या यूझर्सना हिरवं बटण दाखवतो, अर्ध्यांना निळं, आणि दोन दिवसांत लाखभर क्लिक मोजून निर्णय घेतो. कुणाला विचारत नाही. चुकलं तर जुनं व्हर्जन परत टाकतो. दादाच्या आजारात लाखभर माणसं नाहीत, आणि शरीराला जुनं व्हर्जन नसतं.

मग प्रयोग नकोच का? २०१२ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हाडांत हा आजार झालेल्या ५८ प्रौढांच्या जुन्या फायली तपासल्या. मुलांची जोडी घेतलेल्यांपैकी ८४ टक्के लोकांना एकतर गुण आला नव्हता किंवा वर्षभरात आजार उलटला होता. सायटाराबिनच्या गटात हेच प्रमाण २१ टक्के होतं. म्हणजे मुलांना चालतं ते मोठ्यांनाही चालेल, असं धरून औषध देणं हाही प्रयोगच होता. फक्त त्याचा हिशेब वेळेवर कुणी मांडला नव्हता.

पण फायली मागून चाळल्या की एक शंका उरते: कुणाला कोणतं औषध मिळालं ते कशावरून ठरलं? पुढे बीजिंगमध्ये प्रौढांवर मेथोट्रेक्सेट आणि सायटाराबिन या जोडीची रीतसर चाचणी झाली, पण एकच गट घेऊन. तुलनेला दुसरा गट नव्हता.

हे दादाला समजवायला मला कष्ट पडले नाहीत. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली, तेव्हापासून जालना बियाण्यांचं गाव. दादानेही सीडप्लॉट केलेत. नव्या वाणाशेजारी जुन्या वाणाचा पट्टा नसेल, तर वाण चांगला होता की पाऊस, हे सांगता येत नाही. "पर कपाशीला कुणी सही मागत न्हाई," तो म्हणाला.

खरा प्रश्न तिथेच आहे. त्याच्या नोंदींचा फायदा त्याला होणार नाही. पुढच्या कुणाला तरी होईल. आजारी माणसावर हे कर्ज आहे का? मला नाही वाटत. तो आधीच पुरेसं देतोय. पण त्याच्यापुढे दोन पर्याय ठेवता आले, ते त्या ५८ जणांच्या नोंदी कुणीतरी जपल्या म्हणून. हे कर्ज नसेल, पण आपण घेतलंय हे खरं.

म्हणून मला वाटतं, मागणाऱ्यांवर जबाबदारी जास्त आहे. २०१९ च्या नियमांनुसार औषधाच्या चाचणीत इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते. कधीही बाहेर पडता येतं. पण बुडालेली रोजंदारी, सोबत येणाऱ्याचं तिकीट, मराठीत नीट समजावून सांगणं, हेही त्यातच धरायला हवं. नाहीतर 'संमती' म्हणजे थकलेल्या माणसाची सही.

औरंगाबाद मागे पडलं तेव्हा दादाने विचारलं, "पुढं काय निघालं, ते मला कळवतेत का?"

मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं. डॉक्टर क्षणभर थांबल्या, मग म्हणाल्या, "हे सहसा कुणी विचारत नाही. कळवू."

दादाने सही केली. फॉर्मच्या खाली स्वतःचा मोबाइल नंबर दोनदा लिहिला.