राजाच्या हातचें पाणी

श्रावणाची कथा आपण लहानपणीं ऐकतों ती श्रावणासाठीं. आंधळे आईबाप, खांद्यावरची कावड, यात्रेची लांबलचक वाट, एवढें चित्र मनावर ठसलें कीं कथा संपली असें आपणांस वाटतें. आणि मुलांना सांगण्यापुरती ती तेथें संपतेही. परंतु तिचा उत्तरार्ध निराळा आहे. बाण लागून श्रावण पडल्यावर त्याच्या हातची झारी घेऊन राजा दशरथ स्वतः त्या वृद्धांकडे जातो. पावलें वाजतात. म्हातारीं तहानेनें व्याकुळ झालेलीं असतात, पाणी समोर असतें. पण तें मुलाच्या हातचें नाहीं हें त्यांना कळतें, आणि पुढें शोक, शाप व मृत्यु. हा भाग आपण करुणरसाचा म्हणून ऐकतों व सोडून देतों. आम्हांस मात्र अलीकडे असें वाटूं लागलें आहे, कीं वार्धक्यासंबंधींचा सारा नैतिक प्रश्न त्या झारीपाशीं येऊन थांबला आहे. मुलगा जवळ नसेल तेव्हां राजानें पाणी आणावें काय? आणि त्यानें आणलें तर म्हातार्‍यांनीं तें प्यावें काय?

प्रश्न केवळ पुराणांतला नाहीं. महाराष्ट्र सरकार गरीब वृद्धांस जें मासिक वेतन देतें, त्या योजनेचें नांवच मुळीं 'श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना' असें आहे. वयाचीं पासष्ट वर्षें पुरीं झालेल्या व २१,००० रुपयांच्या आंत वार्षिक उत्पन्न असलेल्या माणसासाठीं ती आहे. २०२३ सालीं तिची रक्कम वाढवून दरमहा १,५०० रुपये करण्यांत आली. हें नांव ज्यानें सुचविलें तो कवि होता कीं कारकून होता, हें सांगणें कठीण. पण राजानें येथें नुसती झारी उचललेली नाहीं, मुलाचें नांवही धारण केलें आहे, एवढें खरें.

गेल्या पौषांत कांहीं कामानिमित्त आम्ही नगर जिल्ह्यांतील पाथर्डी तालुक्यांतल्या एका वाडीवर गेलों होतों. (सरकारी कागदोपत्रीं हा जिल्हा २०२४ पासून अहिल्यानगर झाला आहे, जुन्या सवयीबद्दल वाचक क्षमा करतील.) दसरा-दिवाळी उलटली कीं ह्या भागांतील घरामागून घरांना कुलपें लागतात. मुकादमाची उचल घेतलेलीं नवराबायको, म्हणजे तिकडच्या भाषेंत एक 'कोयता', सारा संसार ट्रकांत नाहीं तर बैलगाडींत घालून कारखान्यांच्या उसाकडे निघतात, तीं चैत्राच्या आसपास परततात. मागें उरतात तीं म्हातारीं माणसें, आणि कधीं कधीं त्यांच्या पदरांत टाकलेलीं नातवंडें.

ज्या घरीं आम्ही गेलों तेथली म्हातारी दोन वर्षांपूर्वीं ओसरीवरून पडली, तेव्हांपासून अंथरुणाला खिळलेली आहे. दोन्ही मुलगे, दोन्ही सुना उसाला गेलेल्या. सकाळ-संध्याकाळ शेजारची एक विधवा बाई येई. ती म्हातारीला कुशीवर वळवी, अंग पुसून काढी, लुगडें बदली, भाकरी दुधांत कुस्करून भरवी, आणि वेळ असेल तर केंसही विंचरी. नातें कांहीं नाहीं. 'आत्याबाई' म्हणते एवढेंच. ह्या सर्वांत तिची सकाळ मोडे, आणि सकाळ मोडली कीं कांद्याच्या खुरपणीचा रोज बुडे. म्हातारीचे श्रावणबाळाचे पैसे येतात. पण ते काढावयास अंगठा लागतो, आणि जन्मभर काम करून अंगठ्याच्या रेषा इतक्या झिजल्या आहेत कीं यंत्र कधीं त्यांना ओळखतें, कधीं ओळखीत नाहीं. आम्हीं त्या शेजारणीला सहज विचारलें, कीं त्या पैशांतून तूं कांहीं घेतेस कीं नाहीं? तिनें जें उत्तर दिलें तें तिच्याच शब्दांत देतों. "पैसं घेतलं म्हंजी मंग ते काम झालं, भाऊ. कामाला खाडा असतोय. आत्याबाईच्या भुकंला कुठं खाडा हाये?"

नीतिशास्त्रावरील जाड ग्रंथांत कर्तव्य आणि करार ह्यांमधील भेद ज्या पानांवर सांगितलेला असतो, तीं सारीं पानें ह्या तीन वाक्यांत आलीं आहेत. आम्ही तर हर्षून गेलों. परतीच्या एस्. टी. मध्यें तेंच वाक्य मनांत घोळवीत होतों, आणि भावी लेखाचा मथळाही ठरवून टाकला होता. पण नगर जवळ आलें तसा तो हर्ष ओसरूं लागला. कारण नगरांत आमच्या स्वतःच्या आईजवळ एक बाई ठेवलेली आहे. सकाळीं आठ ते रात्रीं आठ. तिला आम्ही महिन्याच्या महिन्याला पगार देतों, तिचे खाडे मोजतों, आणि पुण्यास स्वस्थ चित्तानें राहतों. आपण आईला टाकलें असें आम्हांस कधीं वाटलें नाहीं. उलट तिची चांगली सोय लावली असेंच आम्ही चारचौघांत सांगतों. मग जें आमच्या घरीं सोय ठरतें, तें त्या वाडीवर सरकारच्या पैशानें झालें तर कुटुंबसंस्थेचा नाश कसें ठरतें?

हा प्रश्न आम्हीं आपणांस विचारला, आणि त्याचें समाधानकारक उत्तर आम्हांस आजवर सांपडलेलें नाहीं. सुशिक्षित घरांतून एक आक्षेप नेहमीं ऐकूं येतो: सरकारनें म्हातार्‍यांना घरीं येऊन सांभाळावयाचें ठरविलें, तर मुलें आपली जबाबदारी झटकून मोकळीं होतील, पश्चिमेकडे असेंच झालें. आक्षेप घेणारांपैकीं पुष्कळांचे मुलगे पश्चिमेकडेच आहेत, हा विनोद सोडून देऊं. पण ह्या आक्षेपांत एक गृहीत लपलेलें आहे. आजवर म्हातार्‍यांना 'मुलानें' सांभाळलें, असें तें गृहीत. वस्तुतः सांभाळलें तें सुनेनें, लेकीनें, आणि नसेल कोणी तर शेजारणीनें. कावड श्रावणाच्या खांद्यावर दिसते. तीत पाणी भरणारे हात कथेंत आलेलेच नाहींत. त्या हातांना कोणीं मोल दिलें नाहीं म्हणून ती सेवा फुकट होती असें आपण समजलों. ती फुकट नव्हती. तिची किंमत बुडालेल्या रोजांत, मोडलेल्या शिक्षणांत व वांकलेल्या पाठींत चुकती होत होती, आणि ती चुकविणारी व्यक्ति हिशेब मागत नव्हती, एवढेंच.

कायद्यानें ह्या बाबतींत आजवर काय केलें? त्यानें मुलाचा पाठलाग केला. फौजदारी प्रक्रिया संहितेंत १९७३ पासून मातापित्यांच्या पोटगीची तरतूद होती. ती विवाहित कन्येवरही बंधनकारक आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९८७ सालीं एका मराठी कुटुंबाच्याच खटल्यांत दिला. २००७ सालीं आईवडील व ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या निर्वाहाचा स्वतंत्र कायदा झाला. त्यान्वयें प्रांताच्या कचेरींत न्यायाधिकरण बसतें, दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च देववितें, आणि सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत अट मोडल्यास परतही करवितें. आसामनें त्याच वाटेनें पुढें जाऊन २०१७ सालीं सरकारी नोकरांच्या पगारांतून कपात करण्याचा कायदा केला. आपल्याकडे लातूरच्या जिल्हा परिषदेनें आईबापांस न सांभाळणार्‍या नोकरांचा ३० टक्के पगार कापण्याचें ठरविलें. हें सर्व योग्यच आहे. ज्याच्या हातीं पगार आहे आणि तरीही ज्यानें आईला उपाशी ठेविलें, त्याची गय कोणीं करावी? परंतु आमच्या वाडीवरच्या म्हातारीला ह्या कायद्याचा उपयोग काय? तिचे मुलगे नालायक नाहींत. ते फडावर आहेत. त्यांच्यावर दावा लावून मिळणार तें काय, तर त्यांच्या उचलीचाच एखादा तुकडा. पुंडलिकाला मातापित्यांच्या पायांशीं बसून राहतां आलें, कारण त्याला मुकादमाची उचल फेडावयाची नव्हती.

आणि येथें दशरथाची गोष्ट आम्हांस पुन्हां आठवते. दशरथ झारी घेऊन गेला तो दयेनें नव्हे. बाण त्याचा होता. नकळत मारलेला कां होईना, पण त्याचाच. आपल्या चहांत जी साखर विरघळते ती तोडावयास त्या म्हातारीचे मुलगे गेले आहेत. जिल्ह्याच्या उत्तरेस पाटाचें पाणी व कारखाने आहेत, दक्षिणेस कोरडें माळरान आहे, आणि ही वांटणी कांहीं त्या म्हातारीनें केलेली नाहीं. समाजानें आपल्या सोयीसाठीं मुलाला घरांतून ओढून नेलें, तर त्याच्या मागें राहिलेल्या आईला पाणी पाजणें हा समाजाचा उपकार कसा? तें देणें आहे. देणें फेडण्यानें मुलाचें कर्तव्य संपतें असें कोणी म्हणत नाहीं. पण मुलाचें कर्तव्य आहे म्हणून आपलें देणें बुडवावें, हा न्याय तर सावकारालाही शोभणार नाहीं.

सध्यां सरकार जें देतें तें कमी आहे एवढीच आमची तक्रार नाहीं, जरी १,५०० रुपये म्हणजे दिवसाला पन्नास, आणि पन्नासांत एका खुरपणीचाही रोज भरून निघत नाहीं. तक्रार अशी, कीं सरकार पैसा देतें, हात देत नाहीं. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला वर्षाला पांच लाखांपर्यंतचे उपचार मोफत झाले, ही मोठीच गोष्ट आहे. परंतु ते इस्पितळांत दाखल होणारासाठीं. जो इस्पितळांतून 'आतां घरीं न्या' म्हणून परत येतो, त्याला कुशीवर कोण वळविणार? २०१०-११ पासून चालू झालेल्या वृद्धांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमांत अंथरुणास खिळलेल्यांना घरीं जाऊन पाहण्याची कल्पना लिहिलेली आहे. त्या वाडीवर असें कोणी आलेलें शेजारणीला आठवत नव्हतें.

हें अशक्य आहे असें नाहीं. केरळांत २००८ सालीं उपशामक शुश्रूषेचें धोरण ठरलें, आणि ग्रामपंचायतींच्या पैशानें परिचारिका घरोघर जाऊं लागल्या. पण केरळही कशाला? ह्याच जिल्ह्यांत जामखेडास डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्यानें १९७० पासून खेड्यांतल्या बायकांना, त्यांत कित्येक निरक्षर व उपेक्षित जातींतल्या, आरोग्यसेविका म्हणून तयार केलें. नाडी पाहणें, बाळंतपण करणें, जखम धुणें ह्या गोष्टींवर पदवीचा शिक्का असावाच लागतो, ही समजूत त्या बायकांनीं खोटी पाडली. तें काम सरकारी नव्हतें. पण त्यावरून एवढें तर ठरलें, कीं हात बाहेरून आणावे लागत नाहींत. ते गांवांतच असतात.

तरीही शेजारणीचा मुद्दा शिल्लक राहतो, आणि तो आम्हांस टाळावयाचा नाहीं. पैसे घेतले कीं सेवेचें काम होतें, आणि कामाला खाडा असतो. जर्मनीनें १९९५ पासून शुश्रूषेचा सक्तीचा विमा चालू केला. त्यांत रुग्णाला असें स्वातंत्र्य आहे, कीं सरकारमान्य परिचारिका न घेतां त्यानें बरीच कमी रक्कम रोख घ्यावी व घरच्यास अथवा शेजार्‍यास द्यावी. जपाननें २००० सालीं तसाच विमा काढतांना पुष्कळ वाद करून रोख रक्कम देण्याचें नाकारलें. कारण पैसा हातीं पडला कीं सून पुन्हां उंबरठ्याच्या आंतच राहील, ही भीति तेथील स्त्रियांना होती. दोन्ही राष्ट्रें शहाणीं, दोघांचीं उत्तरें उलट. आम्हांस जर्मन कायद्यांतील एक लहानसें कलम अधिक शहाणपणाचें वाटतें. सांभाळणारें माणूस आजारी पडलें, किंवा कांहीं दिवस गांवाला गेलें, तर त्याच्या जागीं दुसरें माणूस ठेवण्याचा खर्च विमा देतो. म्हणजे खाड्याची सोय! शेजारणीला पगार नको असेल तर न घेवो. तो तिचा अभिमान आहे आणि त्याला हात लावण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. पण तिला ताप आला त्या दिवशीं काय होतें? आम्हीं तें विचारलें होतें. "तापातच येते," ती म्हणाली. हें उत्तर ऐकून तिची स्तुति करणें सोपें आहे. पण तिच्या थोरपणाच्या भरंवशावर एक सबंध राज्य निजलें आहे, हें लक्षांत आल्यावर ती स्तुति तोंडांतून नीट निघत नाहीं.

चैत्रांत पुन्हां त्या बाजूस जाणें झालें, म्हणून वाडीवर डोकावलों. मुलगे परतले होते. शेजारीण कांदे काढावयास गेली होती. थोरली सून चुलीपाशीं होती. म्हातारीनें आम्हांस ओळखलें नाहीं. अंगठा पुढें करून तिनें विचारलें, "ब्यांकेतलं आलाय का?" आम्हीं नाहीं म्हटलें. "मंग बसा," ती म्हणाली, आणि सुनेला हांक मारून पाणी आणावयास सांगितलें.