तात्पर्यापासून स्वमतापर्यंत

सदाशिव काशिनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ आणि इसापाच्या नीतिकथांचे त्यांनी केलेले भाषांतर ही मुलांसाठी छापलेल्या सुरुवातीच्या मराठी पुस्तकांपैकी पुस्तके १८२८ च्या सुमारास आली, आणि त्याच काळापासून गोष्टीच्या शेवटी ‘तात्पर्य’ सांगण्याची रीत मराठी शाळेत रुजली. तात्पर्य म्हणजे गोष्टीतून निघणारा, सर्व वाचकांना सारखाच लागू पडणारा बोध. तो लेखकाने ठरवायचा, शिक्षकाने सांगायचा आणि मुलाने पाठ करायचा असल्यामुळे वाचताना त्या मुलाच्या मनात काय उमटले, हा प्रश्न उद्भवतच नसे.

वास्तविक वाचकाच्या मनाचा विचार भारतीय परंपरेला अपरिचित नव्हता. काव्याशी ज्याचे अंतःकरण समरस होते अशा रसिकाला संस्कृत काव्यशास्त्राने ‘सहृदय’ म्हटले, आणि न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे साहित्य संमेलनात ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली, तेव्हा स्वतःची जाणीव न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरण्याच्या अवस्थेलाच वाचनानंद मानले. मात्र हा सहृदय प्रौढ आणि संस्कारित गृहीत धरलेला होता. दहा-बारा वर्षांचे मूलही सहृदय असू शकते, हे शाळेच्या ध्यानात फार उशिरा आले.

साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलेली आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘श्यामची आई’ या दृष्टीने मोठी विलक्षण आहे. बोधाचे पुस्तक म्हणून ती वाटली गेली, बक्षीस म्हणून दिली गेली, तरी तिची रचना तात्पर्याची नाही. श्याम आश्रमातल्या मित्रांना रात्रीमागून रात्री आईच्या आठवणी सांगतो, आणि ऐकणारे विचारतात, गहिवरतात, दुसऱ्या रात्री पुन्हा येऊन बसतात. म्हणजे प्रतिसाद हा या पुस्तकाच्या बांधणीतच आहे.

कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर, आंबा घाटाच्या अलीकडे वसलेल्या मलकापूरसारख्या गावातला विद्यार्थी हे पुस्तक वाचतो, तेव्हा त्याच्या हाती दोन गोष्टी असतात: घाट उतरला की लागणारे, श्यामचे कोकण, आणि स्वतःच्या घरातली आई, जी कदाचित भातलावणीला वाकलेली असेल. पोहायला जायला भिणाऱ्या श्यामला आई शिंपटीने मारते, या प्रसंगाचे तात्पर्य धीटपणा असे सांगता येते. परंतु ज्याने स्वतः विहिरीच्या काठावर पाय थरथरताना अनुभवले आहेत, त्याला आधी वळ दिसतात, आणि ते दिसणे चुकीचे वाचन नव्हे. त्याहून अवघड प्रसंग मोळीचा. अस्पृश्य मानलेल्या म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढवून देण्यास आई श्यामला पाठवते, पण परत आल्यावर आंघोळ करायलाही सांगते. आईचा मोठेपणा मान्य करूनही ‘मग आंघोळ कशासाठी?’ असे विचारणारा विद्यार्थी पुस्तकाचा अवमान करत नसतो. उलट श्यामच्या श्रोत्यांमध्ये तो एकाची भर घालत असतो.

बालभारतीचे दहावीचे ‘कुमारभारती’ २०१८ मध्ये नव्याने आले आणि त्यासोबतच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे घोकलेल्या उत्तरांऐवजी कृतींवर आधारलेल्या प्रश्नपत्रिकेत, ‘स्वमत’ या शब्दाला हक्काची जागा मिळाली. स्वमत म्हणजे पाठाच्या आधारे विद्यार्थ्याने मांडलेले स्वतःचे मत. कल्पना म्हणून हा प्रवास तात्पर्याच्या अगदी उलट टोकाला पोहोचतो. व्यवहारात मात्र गुण मिळवून देणारे स्वमत गाईडमधून पाठ करता येते, आणि तसे झाले की ते नाव बदललेले तात्पर्यच ठरते. श्यामने आपल्या कथा तोंडी सांगितल्या होत्या. तेव्हा मराठीच्या शिक्षकांनी आंघोळीचा तो प्रश्न वहीत उतरवून देण्यापूर्वी एकदा वर्गात तोंडी विचारावा, आणि तास संपेपर्यंत स्वतः उत्तर देऊ नये.